फटका तोच, पण विहीर भरायला वेळ लागतो

2025 या वर्षात टेनिसपटू नोव्हाक जोकोविच चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या उपांत्य फेरीत पोहोचला. मे महिन्यात त्यानं वयाची 38 वर्षं पूर्ण केली होती. आणि त्या चार उपांत्य सामन्यांत मिळून त्याला एकही सेट जिंकता आला नाही. मेलबर्नला पहिला सेट हरल्यावर त्यानं सामनाच सोडला. पॅरिस आणि विम्बल्डनला यानिक सिनरनं त्याला सरळ सेटमध्ये हरवलं, तर न्यूयॉर्कला कार्लोस अल्काराझनं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की डोकं चक्रावतं. जगातल्या पहिल्या चारांत चारही वेळा येण्याइतका हा माणूस चांगला खेळतोय. मग तिथं पोचल्यावर एक सेटसुद्धा का मिळू नये? यावर साधारण दोन उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे 'संपला तो'. दुसरं, 'दुखापत नसती तर दाखवलं असतं'. मला दोन्ही अर्धवट वाटतात. वय झालेल्या टेनिसपटूचं काय होतं हे समजून घ्यायचं तर एक विहीर डोळ्यांसमोर आणा. पाणी पूर्वीइतकंच गोड आहे, पोहराही तेवढाच भरून येतो. फक्त झरा मंदावलाय. पूर्वी संध्याकाळी तळ दिसला तरी सकाळपर्यंत विहीर भरलेली असायची. आता दोन-तीन दिवस लागतात. एखाद्याच दिवशी पाणी काढलंत तर फरक कळणारही नाही. रोज उपसा सुरू केलात की कळतो.

ग्रँड स्लॅम हा रोजचा उपसा असतो

वर्षात चार ग्रँड स्लॅम होतात: ऑस्ट्रेलियन ओपन (मेलबर्न), फ्रेंच ओपन (पॅरिस), विम्बल्डन आणि यूएस ओपन (न्यूयॉर्क). प्रत्येकीत एकेरीला 128 खेळाडू. विजेतेपदासाठी सात सामने जिंकावे लागतात, आणि हे सगळं साधारण दोन आठवड्यांत उरकतं. महिलांचे सामने तीन सेटचे असतात. पुरुषांचे पाच सेटचे, म्हणजे तीन सेट जिंकेपर्यंत खेळायचं. दोन सामन्यांच्या मध्ये बहुतेक वेळा एक दिवसाची विश्रांती मिळते.

पंचविशीच्या आतल्या शरीराला तो एक दिवस पुरतो. चार तास खेळून रात्री झोपायचं, दुसऱ्या दिवशी हलका सराव आणि मालिश, तिसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात. पस्तिशीपलीकडच्या शरीराला तोच दिवस अपुरा पडायला लागतो. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत हे झाकलं जातं, कारण समोरचे खेळाडू तुलनेनं दुबळे असतात. खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यात होते. तेव्हा विहिरीचा तळ आणि सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी एकाच वेळी समोर येतात.

शरीरात नेमकं काय बदलतं?

टेनिसमध्ये पळणं सरळ रेषेत नसतं. झटकन सुटायचं, तेवढ्याच झटकन थांबायचं, वळायचं आणि परत यायचं. हे काम स्नायूंमधले वेगवान तंतू करतात. सावकाश पण चिवटपणे काम करणारे तंतू वेगळे असतात, ते वयाबरोबर बऱ्यापैकी टिकतात. वेगवान तंतू मात्र आधी कमी होतात. म्हणून चाळिशीतला माणूस मॅरेथॉन उत्तम पळू शकतो, पण शंभर मीटरच्या शर्यतीत त्याचा निभाव लागत नाही. टेनिस म्हणजे शेकडो छोट्या शर्यती, त्याही पंचवीसेक सेकंदांच्या अंतरानं.

एक गोष्ट टीव्हीवर मुद्दाम निरखून बघा. प्रतिस्पर्धी चेंडू मारतो त्याच क्षणी इकडचा खेळाडू जागच्या जागी एक छोटीशी उडी घेतो. इतकी छोटी, की कित्येक वर्षं टेनिस बघणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. पाय जमिनीला टेकतात तेव्हा मांड्या आणि पोटऱ्या ताणलेल्या रबरासारख्या असतात, आणि चेंडू ज्या बाजूला येतोय त्या बाजूला शरीर सुटतं. एका सामन्यात ही उडी शेकडो वेळा घ्यावी लागते. थकलेल्या पायांची उडी बंद पडत नाही, ती क्षणभर उशिरा पडते किंवा अर्धवट पडते. तेवढ्यानं चेंडूपर्यंतचं एक पाऊल कमी पडतं. मग फोरहँड तोच असला तरी तो वाकून, ओढून मारावा लागतो आणि चेंडू जाळ्यात जातो. आपण म्हणतो, 'याचा फोरहँड गेला.' फोरहँड कुठेही गेलेला नसतो, पाय वेळेवर पोचलेले नसतात.

स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांना टेंडन म्हणतात. वयाबरोबर त्या कमकुवत होत जातात, आणि त्यांना रक्तपुरवठा मुळातच कमी असल्यानं दुरुस्ती हळू चालते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही वयाबरोबर थोडी थोडी खाली येत जाते. यातलं काहीच एका रात्रीत होत नाही, आणि सराव असलेल्या शरीरात ते फार सावकाश होतं. पण अगदी वरच्या पातळीवर दोन खेळाडूंमधलं अंतर इतकं बारीक असतं, की थोडक्या घसरणीचीही किंमत मोजावी लागते.

याच्या उलट, एक गोष्ट वयाबरोबर वाढते. ताशी 200 किलोमीटरची सर्व्हिस 23.77 मीटर लांबीच्या कोर्टावर समोरच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचते. एवढ्या वेळात बघून, विचार करून, मग हलणं शक्यच नाही. म्हणून निष्णात खेळाडू चेंडू सुटण्याआधीच समोरच्याचा खांदा आणि चेंडूची वर फेक बघून अंदाज बांधतो. हा अंदाज हजारो सामन्यांतून तयार होतो. म्हणजे पाय थोडे मागे पडत असताना डोकं पुढे जात असतं, आणि कित्येक वर्षं ते पायांची उणीव भरून काढतं. या खेळाडूंची घसरण आपल्याला उशिरा दिसते, ती यामुळे.

गुडघ्यातली छोटी गादी

या दुखापतींच्या बातम्यांत मेनिस्कस हा शब्द वारंवार येतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात. धक्का शोषायचा आणि वजन पसरवायचं, हे त्यांचं काम. या गादीच्या बाहेरच्या कडेलाच चांगला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतो. जिथं रक्त पोचत नाही तिथली जखम शरीर स्वतःहून नीट भरू शकत नाही. त्यात वर्षानुवर्षं थांबण्या-वळण्यानं गादी झिजलेली असेल तर ती फाटायला मोठं कारण लागतच नाही.

रॉजर फेडररची 2016 सालची गोष्ट घ्या. ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत जोकोविचकडून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्या जुळ्या मुलींसाठी आंघोळीचं पाणी सोडत होता. वळला, आणि गुडघ्यात काहीतरी खटकलं. डाव्या गुडघ्याची मेनिस्कस फाटली होती. तोवर त्याच्यावर कधीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. वय 34. ज्या गुडघ्यानं हजारो सामन्यांतले धक्के सोसले, तो एका स्नानगृहात दगा देऊन गेला. लोकांनी याला नुसतं दुर्दैव म्हटलं. मला ते पटत नाही. दोर आधीच उसवत आलेला असतो, शेवटचा धागा कुठे तुटतो एवढाच योगायोग.

जोकोविचची 2024 ची फ्रेंच ओपन तर विहिरीच्या हिशेबाचं जिवंत उदाहरण आहे. तिसऱ्या फेरीत लोरेन्झो मुसेट्टीविरुद्ध तो 4 तास 29 मिनिटं खेळला, आणि तो पाच सेटचा सामना पहाटे तीन वाजून गेल्यावर संपला. पुढचा सामना फ्रान्सिस्को सेरुंडोलोशी, पुन्हा पाच सेट, 4 तास 39 मिनिटं. म्हणजे दोन सामन्यांत नऊ तासांहून जास्त वेळ, आणि मधली एक अख्खी रात्र झोपेविना गेलेली. दुसऱ्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याला इजा झाली. तरी तो सामना त्यानं जिंकला! तपासणीत मेनिस्कस फाटल्याचं दिसलं आणि स्पर्धा सोडावी लागली. 5 जूनला पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली. 14 जुलैला तो विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात उभा होता. तिथे अल्काराझनं त्याला 6-2, 6-2, 7-6 असं हरवलं. मग 4 ऑगस्टला, त्याच पॅरिसमध्ये, त्याच अल्काराझला 7-6, 7-6 असं हरवून त्यानं ऑलिंपिक सुवर्णपदक घेतलं.

ऑलिंपिकचा तो सामना जास्तीत जास्त तीन सेटचा होता, आणि गुडघ्याला विम्बल्डननंतर आणखी तीन आठवडे मिळाले होते. हे दोन तपशील माझ्या मते बरंच सांगून जातात.

एक दुखणं गेलं की दुसरं का येतं?

पाय दुखत असला की आपण नकळत दुसऱ्या पायावर भार टाकून चालतो, आणि चार दिवसांनी कंबर धरते. खेळाडूचंही तसंच, फक्त भार कितीतरी पट जास्त. शिवाय दुखापतीमुळे महिनाभर खेळ बंद राहिला की बाकीचं शरीरही सामन्याच्या तयारीतून बाहेर येतं. परत आल्यावर तो भार त्याला नवा वाटतो.

राफेल नदालची शेवटची तीन वर्षं अशी गेली. डाव्या पायाच्या एका हाडाचा जुना आजार त्याच्या मागे होताच. 2022 ची फ्रेंच ओपन तो पाय इंजेक्शननं बधिर करून खेळला आणि वयाच्या 36 व्या वर्षी जिंकला. तिथलं ते चौदावं विजेतेपद. महिन्याभरानं विम्बल्डनला पोटाचा स्नायू फाटला आणि उपांत्य सामन्याआधी माघार घ्यावी लागली. 2023 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात कंबरेच्या सांध्याजवळचा स्नायू गेला, जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ अख्खं वर्ष हातचं गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये मालागाला डेव्हिस कप या देशांच्या संघांमधल्या स्पर्धेच्या सामन्यात तो शेवटचं खेळला आणि हरला.

बधिर पायानं जिंकलेल्या त्या स्पर्धेचं कौतुक करताना मला आजही जरा बोचतं. वेदना हा शरीराचा निरोप असतो. तो निरोप बंद केला तरी झीज थांबत नाही. नदालनं हे स्वतःच ओळखलं होतं, आणि असं पुन्हा खेळायची आपली तयारी नाही असं तिथेच सांगून टाकलं होतं.

क्रमवारी जखमेवर मीठ चोळते

दुखापतीची खरी शिक्षा शरीराबाहेरही असते, आणि ती फारशी कुणी समजावून सांगत नाही. जागतिक क्रमवारीत गेल्या 52 आठवड्यांतले गुण धरले जातात. ग्रँड स्लॅम जिंकल्यावर 2000 गुण मिळतात, पण वर्षभरानं ते गळून पडतात. सहा महिने घरी बसलेला खेळाडू वाईट खेळला नाही तरी खाली घसरतो.

यावर उपाय म्हणून संरक्षित क्रमवारीची सोय आहे. सहा महिने किंवा जास्त काळ बाहेर राहिलेल्या खेळाडूला जुन्या क्रमांकाच्या आधारे काही स्पर्धांत थेट प्रवेश मिळतो. पण मानांकन मिळत नाही. मानांकन म्हणजे स्पर्धेतल्या पहिल्या 32 खेळाडूंना दिलेला क्रमांक. या 32 जणांची सोडत अशी काढतात, की तिसऱ्या फेरीच्या आधी ते एकमेकांसमोर येत नाहीत. मानांकन गेलं की हे कुंपण गेलं. 2024 च्या फ्रेंच ओपनमध्ये चौदा वेळचा विजेता नदाल बिगरमानांकित होता, आणि पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर आला चौथा मानांकित अलेक्झांडर झ्वेरेव्ह. नदाल सरळ सेटमध्ये हरला. ज्याला हळूहळू लय पकडायला चार सोपे सामने हवे होते, त्याला पहिल्याच दिवशी डोंगर चढायला लावला.

आणि समोर कोण आहे?

सिनरचा जन्म 2001 चा, अल्काराझचा 2003 चा. 2024 आणि 2025 मधली आठही ग्रँड स्लॅम या दोघांनी वाटून घेतली, चार-चार. 2025 च्या फ्रेंच ओपनचा अंतिम सामना ते 5 तास 29 मिनिटं खेळले, आणि पाचव्या तासातही चेंडू कोपऱ्यातून कोपऱ्यात तेवढ्याच जोरानं फिरत होते. पूर्वी बचावात्मक खेळाडू वेगळा आणि आक्रमक वेगळा असायचा. हे दोघं पळता पळता, तोल गेलेल्या अवस्थेतूनही विजयी फटका मारतात. म्हणजे म्हाताऱ्या खेळाडूनं मेहनतीनं पॉइंट बांधत आणला, समोरच्याला कोपऱ्यात ढकललं, तरी पॉइंट संपत नाही. उलट तिथूनच अंगावर येतो.

शिवाय ते दोघं आहेत, हा हिशेब विसरू नका. एकाला हरवणं अवघड असलं तरी शक्य आहे. जोकोविचनं जानेवारी 2025 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत अल्काराझला चार सेटमध्ये हरवलंच होतं. त्याच सामन्यात त्याच्या डाव्या मांडीमागचा स्नायू दुखावला. तीन दिवसांनी झ्वेरेव्हविरुद्ध एक सेट कसाबसा ओढून त्यानं हात वर केले. एक मोठा सामना जिंकायला लागलेलं पाणी पुढच्या सामन्यापर्यंत भरून निघालं नाही.

'पण फेडररनं पस्तिशीत जिंकलंच ना?'

जिंकलं, आणि कसं जिंकलं तेच महत्त्वाचं आहे. 2016 च्या विम्बल्डननंतर फेडररनं सहा महिने सुट्टी घेतली. 2017 च्या जानेवारीत तो परतला आणि अंतिम फेरीत पाच सेटमध्ये नदालला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. मग लाल मातीवरचा सगळा हंगाम त्यानं सोडून दिला. मातीवर रॅली, म्हणजे एका पॉइंटमधली फटक्यांची देवाणघेवाण, लांबते आणि पाय जास्त शिणतात. त्याचं फळ विम्बल्डनला मिळालं, एकही सेट न गमावता विजेतेपद. पुढच्या वर्षी 36 व्या वर्षी तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. विहीर भरू द्यायची आणि मोजक्याच दिवशी उपसायची, हे त्यानं साधलं होतं. जोडीला काही वर्षांपूर्वी घेतलेली मोठ्या डोक्याची रॅकेट होती, आणि पॉइंट लवकर संपवण्याचा ध्यास होता.

त्याच माणसाला 2019 च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात, वयाच्या अडतिसाव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, पाचव्या सेटमध्ये 8-7 असताना स्वतःच्या सर्व्हिसवर दोन मॅच पॉइंट (एकच पॉइंट घेतला की सामना जिंकला, अशी संधी) मिळाले होते. दोन्ही गेले, आणि 4 तास 57 मिनिटांनी जोकोविच जिंकला. तो सामना बघताना बसलेला धक्का मी विसरलेलो नाही. नंतर उजव्या गुडघ्यावर 2020 मध्ये दोन आणि 2021 च्या विम्बल्डननंतर तिसरी शस्त्रक्रिया झाली. 2021 मध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर ह्युबर्ट हुरकाझनं त्याला शेवटचा सेट 6-0 असा हरवला. तिथे त्याच्यावर अशी वेळ त्याआधी कधीच आली नव्हती.

केन रोझवॉलचं नावही या वादात निघतं. 1972 ची ऑस्ट्रेलियन ओपन तो 37 व्या वर्षी जिंकला, आणि 1974 मध्ये 39 व्या वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपन या दोन्हींच्या अंतिम फेरीत गेला. तिथे काय झालं? 21-22 वर्षांच्या जिमी कॉनर्सनं दोन्ही सामने एकतर्फी केले. न्यूयॉर्कचा स्कोअर होता 6-1, 6-0, 6-1. पोचणं आणि पोचल्यावर पाय शिल्लक असणं, या गोष्टी तेव्हाही वेगळ्याच होत्या.

दुहेरीचं गणित निराळं. तिथे अर्धं कोर्ट सांभाळायचं असतं, पॉइंट छोटे असतात, अंदाज आणि हात जास्त कामाला येतात. रोहन बोपण्णा 2024 मध्ये 43 व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि दुहेरीत जगात पहिला झाला, तोही गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असताना. त्यासाठी तो अय्यंगार पद्धतीच्या योगाकडे वळला होता.

'दुखापत हा हरणाऱ्याचा बहाणा नाही का?'

मेलबर्नला जोकोविचनं सामना सोडला तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो केली. झ्वेरेव्हनं मैदानावरच त्यांना तसं न करण्याची विनंती केली. नंतर जोकोविचनं आपल्या स्नायूचा एमआरआय लोकांसमोर ठेवला. आदल्या फेरीत उपचार घेऊन तो जिंकला होता, म्हणून लोकांना ढोंग वाटलं. पण स्नायू फाटलेला असताना वेदनाशामक औषध, आवळून बांधलेली पट्टी आणि लढण्याची ऊर्मी यांच्या जोरावर दोन तास निघू शकतात. अंग थंड झालं, सूज चढली, की त्याच पायानं धड चालता येत नाही. त्यामुळे 'परवा तर पळत होता' हा पुरावा होऊ शकत नाही.

आणि दुखापती तरुणांना होत नाहीत असंही नाही. डॉमिनिक थीमनं 2020 ची यूएस ओपन जिंकली, पुढच्या वर्षी मनगट गेलं, आणि 2024 मध्ये 31 व्या वर्षी तो निवृत्त झाला. फरक असा, की विशीतल्या शरीराला दुरुस्तीसाठी वर्षं हाताशी असतात.

'मग मानानं थांबत का नाहीत?'

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला थोडा राग येतो, हे कबूल करतो. बाहेरून जे दिसतं आणि आतून जे जाणवतं त्यात मोठी तफावत असते. सरावात फटके तसेच लागतात. एखाद्या संध्याकाळी सगळं जुळून येतं. सेरेना विल्यम्स 2022 च्या यूएस ओपनमध्ये एक्केचाळिसाव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अ‍ॅनेट कोंटावेटला हरवून गेली. दुसऱ्या दिवशी ती बहीण व्हीनसबरोबर दुहेरी खेळली, तिसऱ्या दिवशी आय्ला टॉमलियानोविचविरुद्ध तीन तासांहून जास्त लढली. शेवटचा सेट 6-1 असा गेला, पण त्या शेवटच्या गेममध्ये तिनं पाच मॅच पॉइंट वाचवले. अशा बाईला 'आता थांब' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? अँडी मरेनं जानेवारी 2019 मध्ये कंबरेच्या सांध्यात धातू बसवून घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली. व्हीनस 2025 मध्ये 45 व्या वर्षी वॉशिंग्टनला एकेरीचा सामना जिंकली. चांगला दिवस येतच राहतो, म्हणून तर सोडवत नाही.

पुढचा सामना बघताना

स्कोअर बघण्याआधी, हा खेळाडू आधीच्या फेऱ्यांत किती तास खेळलाय ते बघा. समोरच्याची सर्व्हिस 40-0 असताना, म्हणजे गेम जवळजवळ गेलेला असताना, तो दूरचा चेंडू धावत जाऊन घेतो की सोडून देतो? सोडत असेल तर तो पाणी राखून वापरतोय. रॅली सहा-सात फटक्यांपलीकडे गेली की ड्रॉप शॉट (जाळ्यालगत हलकेच टाकलेला फटका) किंवा जाळ्याकडे धाव वाढतेय का? आणि बाजू बदलताना खेळाडू 90 सेकंद खुर्चीत बसतात, तेव्हा पडद्यावर जाहिरात नसेल तर नजर हटवू नका. उठल्यावरची पहिली चार पावलं कशी पडतात ते बघा. गुडघा आखडलाय का, मांडी चोळत निघालाय का, हे तिथे दिसतं. स्कोअरबोर्डवर ते यायला अजून दोन-तीन गेम असतात.